पावलांना खेळवणाऱ्या वाटा

हे पुस्तक पायी चालणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांच्या वाटा ज्यांच्या हातात आहेत त्यांच्यासाठीही: ग्रामपंचायतीचे सदस्य, शाळेतले शिक्षक, बाजार समितीतली माणसे, रस्त्याचे अंदाजपत्रक करणारा अभियंता. त्यात एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारला आहे. इथून जा, इथे थांब, इथून ओलांड, हे माणसाला सांगायचे तर पाटी, दंड आणि शिट्टी एवढेच उपाय आहेत का? की वाटच अशी आखता येते की पाऊल आपण होऊन तिकडे वळावे आणि वळताना चालणाऱ्याला बरे वाटावे?

हा प्रश्न पुण्या-मुंबईचा, असे पुष्कळांना वाटते. मला तो सायखेड्यासारख्या गावात अधिक निकडीचा वाटतो. निफाड तालुक्यातले हे गोदाकाठचे बाजाराचे गाव. पलीकडच्या काठाला चांदोरी, मध्ये पूल. कांद्याचे ट्रॅक्टर, हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या, द्राक्षाचे क्रेट लादलेल्या पिकअप, दुचाक्या, दप्तर लावलेली मुले आणि बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतून पिशव्या घेऊन आलेली माणसे, हे सगळे एकाच डांबरी पट्ट्यावर येतात. अशा गावांत सिग्नल नसतो. झेब्रा पट्टे आखलेच तर पुढच्या डांबरीकरणात बुजतात. पदपथ म्हणजे गटारावरचे ढापे, आणि त्यांच्यावरही दुकानाची पायरी उतरलेली. शहरात निदान भांडायला एक नियम असतो. इथे ज्याचे वाहन मोठे त्याची वाट. कायद्याचा हात जिथे रोज पोहोचत नाही तिथे जागेच्या रचनेने काय साधते, हे पाहणे म्हणूनच मला शहरी हौस वाटत नाही.

खेळकर रचना म्हटले की डोळ्यांसमोर रंगवलेल्या भिंती येतात. रंग हा तिचा सर्वांत वरवरचा भाग. हालचालीत रस वाटेल असे काहीतरी जागेतच ठेवायचे आणि तो रस हव्या त्या वाटेला जोडायचा, ही तिच्यामागची कल्पना. जगभर ज्याचा गाजावाजा झाला तो प्रयोग स्टॉकहोमचा. २००९ साली तिथल्या ओडेनप्लान मेट्रो स्थानकाचा एक जिना पियानोसारखा केला गेला. पायरीवर पाय पडला की सूर वाजे. शेजारी सरकता जिना चालू असतानाही नेहमीपेक्षा ६६ टक्के जास्त लोक पायऱ्यांनी गेले, असे प्रयोग करणाऱ्यांनी जाहीर केले. हा प्रयोग फोक्सवॅगन कंपनीच्या प्रचारमोहिमेतला होता, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचावा. नव्याचे नऊ दिवस जिन्यालाही लागू आहेत. रोज त्याच स्थानकातून कामाला जाणारा माणूस सहा महिन्यांनीही सुरांसाठी पायऱ्या चढतो का, याचे उत्तर त्या चित्रफितीत मिळत नाही, आणि गावाला हवे असते ते नेमके सहाव्या महिन्याचे उत्तर.

त्याहून मोलाचे उदाहरण मला कोलंबियाच्या राजधानीचे वाटते. अंतानास मोकुस हे गणित आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक १९९५ मध्ये बोगोटाचे महापौर झाले. वाहतुकीचा गोंधळ आवरण्यासाठी त्यांनी चौकाचौकांत मूकनाट्य करणारे कलाकार उभे केले. चेहरा पांढरा रंगवलेला कलाकार पट्ट्यावर घुसलेल्या गाडीपुढे हात जोडी, चालकाच्या तोऱ्याची नक्कल करी, नीट ओलांडणाऱ्याला वाकून वाट करून देई. चारचौघांत हसे होण्याची भीती दंडाच्या भीतीहून मोठी असते, असा मोकुस यांचा हिशेब होता. मराठी वाचकाला यात नवल वाटायला नको. पोलिसाच्या वेशातला बहुरूपी आपल्या आठवडे बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या आला आहे. तो खोटी चौकशी करतो, खोटे वॉरंट काढतो आणि लोक हसत हसत त्याच्या हातावर पैसे ठेवतात. ही कला पोटाला पुरत नाही म्हणून मावळत चालली आहे. बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीने मानधन देऊन बहुरूप्यालाच चौकात उभे केले तर त्याचीही कला जगेल आणि रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीलाही जागा मिळेल. फक्त एक पथ्य पाळावे लागेल: नक्कल गाडीवाल्याची व्हावी, पायी चालणाऱ्याची कधीही नाही.

महाराष्ट्रातले सर्वांत बोलके प्रयोग मुंबईत झाले. मुंबई पोलिसांनी जानेवारी २०२० च्या अखेरीस एक चित्रफीत प्रसिद्ध केली. काही चौकांतल्या सिग्नलना आवाज मोजणारे यंत्र जोडले होते. हॉर्नचा कलकलाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. जितके वाजवाल तितके थांबाल. लाल दिवा लांबला की ओलांडणाऱ्याला जास्त वेळ मिळतो, हा त्यातला मला आवडलेला भाग. एकाने वाजवलेल्या हॉर्नची शिक्षा गप्प बसलेल्या दहांना होते, हा न आवडलेला. त्याच वर्षी दादर-माहीम परिसरातल्या सिग्नलवर पुरुषाच्या आकृतीऐवजी स्त्रीची आकृती झळकली. बदल एवढासा, पण रस्ता कोणाचा, याचे उत्तर त्या दिव्याने वेगळे दिले.

वडाळ्याचा प्रयोग याच्या आधीचा, २००९-१० चा. रूळ ओलांडताना माणसे मरत होती आणि तसे करू नका हे सांगणाऱ्या पाट्या तिथे होत्याच. फायनलमाइल या सल्लागार संस्थेने माणूस चुकतो कुठे, याचा विचार केला. मोठी वस्तू समोरून येताना तिचा वेग डोळ्याला कमी भासतो. म्हणून रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले. गाडी ते पिवळे पट्टे एकामागून एक गिळत येताना दिसली की तिचा खरा वेग कळतो. एका लांब शिट्टीऐवजी मध्ये खंड ठेवून दोन तुटक शिट्ट्या द्यायला सांगितले, कारण सलग आवाजापेक्षा तुटका आवाज कानाला जागे करतो. गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याची छायाचित्रे लावली. यात खेळ नाही, उलट धाक आहे. तरी मी तो या पुस्तकात घेतला, कारण खेळकर रचनेचा पाया इथे उघडा दिसतो. आधी डोळा, कान आणि पाय कसे वागतात ते पाहायचे, मग रंगाचा डबा उघडायचा. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो.

आता आपल्याकडच्या ज्या गोष्टीकडे मला वाचकाला खरे तर न्यायचे आहे, तिच्याकडे येतो: आषाढी वारीतले रिंगण. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे पहिले उभे रिंगण चांदोबाच्या लिंबापाशी होते, पुढे गोल रिंगणे होतात. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला त्यासाठी तितके लांब जायचेही कारण नाही. त्र्यंबकेश्वराहून निघणाऱ्या संत निवृत्तिनाथांच्या पालखीचे रिंगण सिन्नर तालुक्यात दातलीला रंगते. भक्तीच्या अंगाने रिंगणावर भरपूर लिहिले गेले आहे. हजारो माणसे एका मैदानात कशी हलतात, या अंगाने ते एकदा पाहावे.

मैदानाच्या मध्यभागी पालखी. तिच्याभोवती दिंड्यांचे कडे, त्याबाहेर पाहणाऱ्यांचे कडे, आणि दोहोंच्या मधून एक गोल पट्टा मोकळा. त्या पट्ट्यातून आधी पताका घेतलेले वारकरी धावतात, मग डोईवर तुळस घेतलेल्या बाया, पखवाजवाले, विणेकरी, आणि शेवटी अश्व. पोलीस आणि दोर आता असतात, पण एवढ्या जनसमुदायाला दोर आवरत नाही. पट्टा मोकळा राहतो तो लोकांच्या इच्छेने. तो मोकळा राहिला तरच अश्व धावणार, आणि अश्व धावावेत म्हणून तर प्रत्येक जण इतका चालत आला आहे. अश्वांच्या फेऱ्या संपल्या की हीच गर्दी टापांखालची माती कपाळाला लावायला पट्ट्यात उतरते. मग फुगड्या, पावल्या, उड्यांचा खेळ. थांबायचे कधी आणि उसळायचे कधी, दोन्ही ठरलेले. दिवसभर चाललेल्या पायांना थकवा विसरायला लावणारी आणि त्याच वेळी गर्दीला आकार देणारी याहून चांगली रचना मी पाहिलेली नाही.

ही शिस्त आपोआप उगवली नाही. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजचे रूप दिले आणि अंकलीचे शितोळे सरकार अश्व देऊ लागले. रथाच्या पुढच्या आणि मागच्या दिंड्यांना क्रमांक आहेत. कोण कोणाच्या मागे चालणार, यावर रोज वाद होत नाही. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो. गर्दीचे व्यवस्थापन शिकवणाऱ्या कोणत्याही अभ्यासक्रमात ही पद्धत शिकवावी असे मला मनापासून वाटते. खेळाच्या साधनानेच दाद मागायची सोय तिथे केलेली आहे.

आणि आता गोदाकाठचीच दुसरी आठवण, जी टाळून हा विषय नाशिक जिल्ह्यात मांडता येणार नाही. २७ ऑगस्ट २००३. सिंहस्थातले शाही स्नान, रामकुंडाकडे उतरणारा अरुंद रस्ता, कठड्यांमागे ताटकळलेले भाविक. मिरवणुकीतून चांदीची नाणी उधळली गेली, ती वेचायला लोक पुढे झेपावले आणि चेंगराचेंगरी झाली, असे तेव्हाच्या बातम्यांनी सांगितले. ३९ माणसे गेली. त्यांत बायका अधिक होत्या.

नाणी उधळणे हाही माणसाला हलवणाराच खेळ. अश्वाची टाप आणि उधळलेले नाणे, दोन्ही गर्दीला ओढतात. मग एका ठिकाणी माती कपाळाला लागते आणि दुसऱ्या ठिकाणी माणसे पायाखाली येतात, हे का? अरुंद रस्ता, कठडे, ताटकळणे ही कारणे आहेतच. पण एक कारण खेळाच्या पोटातले आहे. रिंगणात जे मिळते ते सगळ्यांना मिळते, आणि शेजारी जागेवर राहिला तरच मिळते. नाणे पहिल्या पोहोचणाऱ्याला मिळते, आणि शेजारी मागे पडला तरच. या पुस्तकातले प्रत्येक उदाहरण निवडताना मी हाच निकष लावला आहे. जो खेळ चालणाऱ्यांना एकमेकांच्या आड आणतो, पहिल्याला बक्षीस देतो, फुकट वाटपाच्या खिडकीकडे झुंबड ओढतो, तो कितीही रंगीत असला तरी सार्वजनिक जागेत नको. २०२७ मध्ये नाशकात पुन्हा सिंहस्थाची स्नाने आहेत. घाटांची लांबी-रुंदी आणि कॅमेऱ्यांची संख्या यांच्या बैठकांत हा मुद्दाही कोणी मांडावा.

२०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्या निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी ‘आशिओतो’ नावाची चटई करून पाहिली होती. तिच्यावरून जाणाऱ्या पावलांची मोजदाद होई, म्हणजे कोणत्या वाटेवर माणसे साठत आहेत ते वेळेत कळे. रचनाकाराने आधी पावलांचे ऐकावे, याचा इतका सरळ धडा दुसरा नाही, आणि तो आपल्याच जिल्ह्यातल्या एका मुलाने दिला.

गावपातळीवर या विद्येची शाळा म्हणजे खरोखरीची शाळा. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या बोलक्या भिंती सर्वांना ठाऊक आहेत. त्यामागे वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी आणि त्यांच्या ‘विन्यास’ संस्थेने मांडलेली ‘बाला’ ही पद्धत आहे. इमारतीनेच शिकवावे, हा तिचा विचार सर्व शिक्षा अभियानातून देशभर पोहोचला. दार उघडते तिथे फरशीवर कोनमापक, पायऱ्यांवर आकडे, व्हरांड्यात ठिकरीचे चौकोन. पायऱ्यांवर पाढा लिहिला की मूल पायरी गाळत नाही, पाढा म्हणत एकेक चढते, आणि सुटीच्या घंटेनंतर जिन्यात होणारी ढकलाढकली निवळते. शिक्षकांनी हे रोज पाहिले आहे. दुःख एवढेच की ही सगळी शहाणीव शाळेच्या फाटकाशी संपते, आणि धोका तर फाटकाबाहेर सुरू होतो.

फाटकापासून रस्त्याच्या सुरक्षित कडेने ठिकरीचे चौकोन, पावलांचे ठसे, उड्यांची अंतरे आखत ओलांडण्याच्या जागेपर्यंत जाता येते. मुले आपोआप त्या कडेला लागतील. पण रस्ता पाच-सहा पावलांवर आला की खेळ संपलाच पाहिजे. तिथे काहीही रंगवायचे नाही. फक्त थांबण्याची एक जाड रेघ आणि उभे राहण्यापुरती मोकळी जागा. उड्या मारत आलेले मूल त्याच नादात डांबरावर जाऊ नये. खेळ कुठे सुरू करावा हे कोणीही सांगेल. तो कुठे थांबवावा हे आखणाऱ्याला कळले पाहिजे, आणि नकाशावर सर्वांत आधी तीच जागा ठरवावी.

सायखेडा आणि चांदोरीच्या बाबतीत नदीला वगळून चालत नाही. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ चे पूर दोन्ही गावांत लोकांच्या घरांतून गेले आहेत. वरच्या धरणांतून पाणी सुटले, खाली नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा, आणि मध्ये ही गावे. निळी आणि लाल पूररेषा सरकारी नकाशांवर असते. दहा वर्षांच्या मुलाला ती दिसत नाही. ती दिसावी, आणि घरापासून उंचावरच्या जागेपर्यंतची वाट मुलांच्या पायांत बसावी, एवढे काम खेळ करू शकतो. विजेच्या खांबांवर आणि चावडीच्या भिंतीवर पुराच्या उंचीच्या खुणा रंगवाव्यात: इतक्या पाण्यात बदक तरंगते, इतक्यात बैल, इतक्यात उंट बुडतो. मुलांनी आपली उंची त्यांच्याशी मोजावी. उंचावर जाणाऱ्या वाटेवर ठराविक अंतराने खुणा असाव्यात आणि पावसाळ्याआधी त्या शोधत, म्हाताऱ्या आजी-आजोबांना सोबत घेऊन चालण्याचा खेळ व्हावा. जिंकते ती आळी, जिच्यातले शेवटचे माणूस पोहोचले. पहिले नव्हे, शेवटचे. जपानमध्ये कोबेच्या भूकंपाला दहा वर्षे झाली तेव्हा, २००५ साली, जुन्या खेळण्यांच्या अदलाबदलीच्या जत्रेला आपत्तीच्या सरावाची जोड दिली गेली. मूल जखमी माणसाला ब्लँकेटच्या झोळीतून नेण्याचा सराव करते, आग विझवायला शिकते, आणि त्यातून मिळालेल्या गुणांवर खेळणे घेते. सरावाला या म्हटले तर कोण येते? जत्रेला सगळे घर येते.

जागा नाही, पैसा नाही, ही तक्रार प्रत्येक ग्रामसभेत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲमस्टरडॅमकडेही दोन्ही नव्हते. आल्दो व्हान आयक या तरुण वास्तुरचनाकाराने १९४७ पासून पडीक तुकडे, पडलेल्या घरांच्या जागा, रस्त्यांचे कोपरे घेऊन वाळूचा हौद, उड्या मारण्याचे दगड आणि लोखंडी कमानी एवढ्याच सामानावर खेळाच्या जागा उभ्या केल्या. रहिवाशांनी पत्र लिहून जागा सुचवायची, अशी रीत पडली. १९७८ पर्यंत अशा सातशेहून अधिक जागा झाल्या. त्यांना कुंपण नव्हते, आणि त्या नेहमीच्या वाटेवर होत्या. मूल तिथे खेळायला जात नसे, जाता जाता खेळत असे.

आता या विषयाच्या मर्यादा. २०१६ मध्ये अहमदाबादच्या सौम्या पंड्या ठक्कर आणि शकुंतला पंड्या या मायलेकींनी काढलेले, ठोकळे अधांतरी असल्याचा भास देणारे झेब्रा पट्टे देशभर गाजले आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी असे भासमान गतिरोधक महामार्गांवर आणण्याची कल्पना मांडली. भास पहिल्यांदा चालकाला थांबवतो. रोज जाणाऱ्याला तो चित्र असल्याचे कळते. नवखा चालक एकदम ब्रेक दाबतो तो धोका वेगळाच. चित्राने रस्ता अरुंद होत नाही आणि उंचवटाही तयार होत नाही. खरी रुंदी, खरी उंची आणि खरा अंधार यांच्याशी रंग फार काळ झगडू शकत नाही, म्हणून रंगाच्या मागे दगड, खांब, उंचवटा, दिवा यांपैकी काहीतरी यायलाच हवे. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन करते. लोक एक दिवस रस्त्याच्या मधून चालतात, मुले खेळतात. उरलेल्या दिवसांचा रस्ता कसा असावा याची भूक त्या दिवसाने लागली तरच त्याचा उपयोग. भूक लावून पुन्हा ताट काढून घ्यायचे असेल तर तो समारंभ झाला.

आणखी एक गोष्ट रंगवणाऱ्या मंडळींनी मनावर घ्यावी. आपल्याला जे मजेदार वाटते ते ज्याला नीट दिसत नाही त्याला खड्ड्यासारखे वाटू शकते. फरशीवरचे गडद-फिके ठिपके पाहून म्हातारी माणसे पाय उचलायला कचरतात. घोटीव फरशीवर ऑइलपेंट लावला की पहिल्या पावसात तीच जागा निसरडी होते. म्हणून प्रत्येक आखणी आधी चुन्याने आणि गेरूने करावी, आठवडाभर माणसे कशी चालतात ते कडेला बसून पाहावे, कोण अडखळले ते लिहावे, आणि मगच कायमचा रंग आणावा. डांबरावर थर्मोप्लास्टिक टिकते, पण ते तापवून लावावे लागते आणि त्यासाठी ठेकेदार लागतो. शाळेच्या आवारात साधा, खरबरीत पोताचा सिमेंट रंग पुरतो.

पुस्तकातली प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. ज्यांना याच वर्षी काही करायचे आहे त्यांनी पूररेषेचे प्रकरण आधी वाचावे. कागदावर गावाचा नकाशा काढायला एप्रिल धरावा, शिक्षक सुटीवर जाण्याआधी. चुन्याच्या खुणा मेच्या पहिल्या आठवड्यात. रंग उन्हात नीट वाळायला हवा, म्हणून तो मेअखेरच्या आत लावून झाला पाहिजे. शाळा उघडल्याबरोबर, नदीला पहिले पाणी येण्याआधी, मुलांची एक फेरी त्या वाटेने व्हायला हवी.